लघवीचे कल्चर: जंतू ओळखण्यापासून झोन मोजण्यापर्यंत

लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतील जंतू वाढवून तपासताना, पहिली काळजी घ्यायची ती नमुन्याची. रुग्णाच्या हाती निर्जंतुक डबी देताना दोन मिनिटे थांबून सांगावे की आधी जागा स्वच्छ पाण्याने धुवावी, सुरुवातीची धार सोडून द्यावी आणि मधली धार डबीत घ्यावी. शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधीच नमुना घ्यावा. कॅथेटर असलेल्या रुग्णाची लघवी पिशवीतून कधीही घेऊ नये. नमुना दोन तासांच्या आत प्लेटवर लावावा. ते जमणार नसेल तर तो फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत लावावा. एप्रिल-मेच्या उकाड्यात टेबलावर राहिलेल्या डबीत जंतू भराभर दुपटीने वाढतात आणि मग निरोगी माणसाच्या अहवालातही संसर्ग दिसू लागतो.

कल्चर लावताना नमुना हलक्या हाताने ढवळून ०.००१ मिलिलिटर मापाचा लूप (टोकाला कडे असलेली तार) सरळ उभा बुडवावा, कारण तिरका बुडवल्यास जास्त लघवी उचलली जाते आणि गणती चुकते. सीएलईडी आगर (जंतू वाढवण्याचे एक घट्ट माध्यम) या कामाला फार सोयीचे आहे, कारण त्यात क्षार कमी असल्याने प्रोटियस हा जंतू प्लेटभर पसरत नाही. प्लेट ३५ ते ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवावी. या लूपने लावलेल्या प्लेटवरची एक वसाहत (एका जंतूपासून वाढलेला ठिपका) म्हणजे मिलिलिटरमागे १,००० जंतू. १०० वसाहती म्हणजे एक लाख, आणि एडवर्ड कास यांनी १९५०च्या दशकात मांडलेली, संसर्ग मानण्याची मर्यादा हीच. मात्र हा आकडा डोळे मिटून लावू नये. जळजळ होत असलेल्या स्त्रीच्या लघवीत त्याहून कमी संख्येने, पण एकाच जातीचा ई. कोलाय आला, तर तोही महत्त्वाचा असतो. तीन किंवा अधिक जातींचे जंतू उगवले तर बहुधा नमुना दूषित असतो. अशा वेळी नवा नमुना मागवणेच योग्य.

ओळख पटवताना आधी वसाहत नीट पाहावी, मग ग्रॅम रंगक्रिया (जंतू रंगवून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा दोन गटांत विभागणारी चाचणी) करावी. सीएलईडीवर ई. कोलाय पिवळा दिसतो. त्याच्या पेप्टोन पाण्यात कोव्हॅक अभिकर्मकाचे थेंब सोडताच वरच्या थरात चेरीसारखे लाल कडे उमटते (ही इंडोल चाचणी), तर सिट्रेटची नळी हिरवीच राहते. क्लेबसिएला न्यूमोनिए बुळबुळीत असतो, लूपने उचलताना त्याची तार निघते. त्याचे इंडोल नकारात्मक येते आणि सिट्रेट निळे होते. प्रोटियस युरिएजची नळी काही तासांतच गडद गुलाबी करतो. हिरवट रंगद्रव्य सोडणारा स्युडोमोनास एरुजिनोसा ऑक्सिडेजच्या कागदावर लगेच जांभळा डाग देतो. ग्रॅम पॉझिटिव्ह गोलाणूंना कॅटलेजमध्ये बुडबुडे आले नाहीत आणि बाइल एस्क्युलिन काळे झाले, तर एन्टेरोकॉकसचा विचार करावा.

संवेदनशीलतेच्या चाचणीत जंतू पसरलेल्या प्लेटवर औषध भिनवलेल्या कागदी चकत्या, म्हणजे डिस्क, ठेवतात; डिस्कभोवती जंतू न उगवलेले वर्तुळ म्हणजे झोन. या चाचणीत जंतूंच्या द्रावणाचा गढूळपणा हा सगळ्यांत नाजूक भाग आहे. तो ०.५ मॅकफार्लंड मानकाशी (ठरावीक गढूळपणाच्या नळीशी) काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरून जुळवावा. द्रावण दाट झाले तर झोन आकसून औषध निरुपयोगी भासते. पातळ झाले तर झोन पसरतो आणि रुग्णाला काम न करणारे औषध मिळते, जी माझ्या मते अधिक गंभीर चूक आहे. पंधरा मिनिटांच्या आत ४ मिलिमीटर जाडीच्या म्युलर-हिंटन आगरवर, दर वेळी प्लेट ६० अंशांनी फिरवून, तीनदा द्रावणात बुडवलेला स्वॅब (कापसाची काडी) फिरवावा. फ्रिजमधली डिस्कची बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर आत दव धरते. आगरला टेकलेली डिस्क पुन्हा हलवू नये, कारण औषध त्याच क्षणी पसरू लागते.

१६ ते १८ तासांनी, प्लेट उलटी धरून, काळ्या पार्श्वभूमीवर झोनचा व्यास मोजावा. सीएलएसआय या प्रयोगशाळांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यानुसार आतड्यातील ग्रॅम निगेटिव्ह दंडाणूंसाठी ३०० मायक्रोग्रॅम नायट्रोफ्युरँटॉइनच्या डिस्कभोवती १७ मिलिमीटर किंवा अधिक झोन म्हणजे संवेदनशील, १४ किंवा कमी म्हणजे प्रतिरोधी. प्रोटियसला हे औषध मुळातच लागू पडत नाही, म्हणून त्याच्या अहवालात झोन काहीही दिसला तरी ते संवेदनशील लिहू नये. ईएसबीएलची (सेफालोस्पोरिन गटाची औषधे निकामी करणाऱ्या, जंतूंनी बनवलेल्या विकरांची) शंका असल्यास सेफ्टाझिडीम आणि सेफोटॅक्झिम या दोन्हींच्या डिस्क एकदा नुसत्या आणि एकदा या विकरांना रोखणाऱ्या क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह लावाव्यात. दोहोंपैकी कोणत्याही एका जोडीत आम्लासह झोन ५ मिलिमीटर किंवा अधिक वाढला तर ईएसबीएल निश्चित होते. कोलिस्टिन या प्रतिजैविकासाठी मात्र डिस्कवर विसंबू नये.

या साऱ्याबरोबर एटीसीसी २५९२२ हा नियंत्रण जंतूही (चाचणी बरोबर चालते का हे तपासण्याचा, ज्ञात गुणांचा ई. कोलाय) लावावा. त्याचा नायट्रोफ्युरँटॉइनचा झोन २० ते २५ मिलिमीटरच्या बाहेर गेला, तर त्या औषधाचे त्या दिवशीचे निकाल रोखून कारण शोधावे. कार्बापेनेम या राखीव ठेवलेल्या प्रभावी प्रतिजैविकांना प्रतिरोध आढळल्यास छापील अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. २००८ साली स्वीडनमध्ये एनडीएम-१ (कार्बापेनेम निकामी करणारे विकर) प्रथम सापडले तेही दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतील क्लेबसिएलामध्येच.