घरच्या आठवणींचे नाटक कसे लिहावे

कौटुंबिक आठवणींवर नाटक लिहिताना सर्वांत आधी काळ आवळावा. अमेरिकन नाटककार युजीन ओनील यांनी ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’ या आत्मचरित्रात्मक नाटकात आईचे व्यसन, वडिलांचा चिक्कूपणा, भावाचे मद्यपान आणि स्वतःचा क्षयरोग हे सारे १९१२ च्या ऑगस्टमधील एका दिवसात आणि एकाच दिवाणखान्यात बसवले.

त्याहून अवघड असते ते स्वतःकडे पात्र म्हणून पाहणे. ओनील यांनी बालपणीच वारलेल्या भावाचे एडमंड हे नाव स्वतःवर बेतलेल्या पात्राला आणि आपले युजीन हे नाव त्या मृत बाळाला दिले. शिवाय तोवर झालेला स्वतःचा विवाह व मुलगा नाटकातून पूर्णपणे वगळला. अशी एखादी अदलाबदल केली की लेखणी मोकळी होते, असे माझे मत आहे. ज्या नातेवाइकाचा आपल्याला सर्वाधिक राग आहे, त्याची बाजू सर्वांत समर्थपणे मांडावी, कारण प्रेक्षक तक्रार ऐकायला नव्हे, तर संघर्ष पाहायला आलेला असतो. संवाद मोठ्याने वाचावेत आणि घरातल्या सर्वांना ठाऊक असलेली माहिती एकमेकांना सांगणारी वाक्ये निर्दयपणे काढावीत.

हयात व्यक्तींना संहिता आधी दाखवणे सभ्यपणाचे ठरेल. ओनील यांनी तर आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षे या नाटकाचे प्रकाशन नको, असे बजावले होते. ते १९५३ मध्ये वारले आणि १९५६ मध्येच स्टॉकहोमला पहिला प्रयोग झाला. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगापूर्वी नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.