आधी शटर, मग ॲपर्चर: कॅमेरा नवीन घेतलेल्यांसाठी

नवा कॅमेरा घेतलेली पोरं पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा विचारतात. लग्नाच्या अल्बमला २४ मेगापिक्सेल पुरून उरतात. तो विषय तिथंच सोडा.

शिकवणारे बहुतेक जण ॲपर्चरपासून, म्हणजे प्रकाश आत येतो त्या लेन्समधल्या भोकापासून, सुरुवात करतात. मला तो क्रम पटत नाही. ॲपर्चर उघडून मागचं धूसर करायच्या नादात पोरं हललेले फोटो घेऊन येतात. म्हणून आधी शटर स्पीड, म्हणजे प्रकाश किती वेळ आत घ्यायचा ते. कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खात बसलेला माणूस १/६० सेकंदाला नीट येतो. तालमीत डाव टाकणारा पैलवान मात्र १/५०० शिवाय थांबत नाही. १/६०, १/१२५, १/२५०, १/५००: प्रत्येक पायरीला, म्हणजे स्टॉपला, प्रकाश निम्मा होतो. तीन स्टॉप गेले की आठवा हिस्सा उरला. तालमीत आधीच उजेड कमी!

तो भरून काढायला ॲपर्चर उघडायचं. इथं आकड्यांनी सगळेच गोंधळतात: एफ/२ मोठं भोक, एफ/१६ लहान. कारण हा आकडा भागाकारातला आहे: लेन्सच्या एमएमला (फोकल लेंग्थला) त्यानं भागायचं. ५० एमएमची लेन्स एफ/२ वर २५ मिलिमीटर उघडते, एफ/१० वर फक्त ५. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५५ एमएमला ५.६ च्या पुढे उघडतच नाही. ५० एमएम एफ/१.८ ची स्वस्तातली लेन्स जवळपास दहापट प्रकाश देते, पण मग एका पैलवानाचा चेहरा शार्प आणि दुसऱ्याचा धूसर. दोघंही शार्प यायला हवे असतील तर एफ/४ वर या आणि आयएसओ ३२०० करा. आयएसओ वाढवला की सेन्सरचा सिग्नल वाढतो, सोबत नॉईजही, म्हणजे फोटोतले दाणे, दिसतो. दिसू दे. नॉईज नंतर कमी करता येतो, हललेला पैलवान सरळ होत नाही.

एक गंमत अजून. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा कमीजास्त होते. १/५०० ला एक फ्रेम उजळ, पुढची काळपट येते. कॅमेरा बिघडलेला नसतो. अशा वेळी सलग फ्रेम घ्या, नाहीतर खिडकीच्या बाजूला बसा. उभे असलेले, मालिश करणारे पैलवान टिपायचे तर १/१०० ठेवा.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड आपण कमीजास्त करणं, शिकायला दिवाळी पाडव्यासारखा दिवस नाही. शिंगं रंगवून सजवलेल्या म्हशी रस्त्यावर येतात. समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. फ्रेमभर म्हैस आली की तो उजेड वाढवतो आणि काळीभोर म्हैस राखाडी दिसते. मायनस एक, म्हणजे एक स्टॉप कमी, करा. पंचगंगेवरच्या बगळ्याला उलट, प्लस एक. पण पिसांचा तपशील उडत नाही ना, हे हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, बघा.

व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्याची, चिंता सुरुवातीला नको. रॉ फाईल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, ठेवली तर तो नंतर बदलता येतो, जेपेगमध्ये फार हात मारता येत नाही.

आणि तालमीत जाणार असाल तर आधी वस्तादांना विचारा. चपला बाहेर, हौद्यातल्या मातीत पाय नाही, आणि जोड लागली असताना फ्लॅश अजिबात नाही.