संध्याकाळी सातची तलफ

दारू सोडलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत सगळा दिवस सारखाच जड जात नाही. जड जाते ती एखादी ठरावीक वेळ, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती दिवेलागणीची असते. मात्र जो बरीच वर्षे रोज भरपूर पीत होता, त्याने डॉक्टरांना न विचारता घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये, हे आधीच सांगितले पाहिजे. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रम व अनावर थरथर सुरू होण्याचा धोका असतो. तो जिवावर बेतू शकतो आणि त्यावरचा इलाज रुग्णालयातच व्हायला हवा.

ते दिवस पार पडल्यावरही तलफ येतच राहते. ती चढते, शिगेला पोहोचते, आणि दारू मिळाली नाही तर साधारण अर्ध्या तासात ओसरू लागते. चढत असताना ती आता थांबणारच नाही असे वाटते, आणि माणूस हरतो तो या समजुतीपायी. म्हणून तलफ जाणवताच घड्याळ पाहावे आणि पुढची तीस मिनिटे पहिला घोट घ्यायचा नाही, एवढेच ठरवावे. ‘जन्मभर पिणार नाही’ ही शपथ त्या वेळी पेलत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांमध्ये ‘फक्त आजचा दिवस’ असे म्हणतात ते याच अनुभवातून.

ती तीस मिनिटे कशी भरायची, हे सकाळीच ठरलेले असावे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारही वेळा तलफेला सोयीच्या असतात, आणि त्यांत भुकेचा बंदोबस्त सर्वांत सोपा आहे. माझ्या स्टेशनबाहेर डावीकडचा रस्ता दारूच्या दुकानावरून जात असे. तिथल्या गाडीवरच्या तळलेल्या मासळीचा वास आला, की तळहाताला गार बाटलीचा स्पर्श अक्षरशः जाणवायचा. मी फलाटावरच एक केळे आणि राजगिऱ्याची वडी खाऊन उजवीकडे वळू लागलो, त्यासाठी दहा मिनिटे जास्त चालावे लागले तरीही. खारे दाणे मी मुद्दाम टाळले, कारण ते तोंडात पडताच चकण्याची आठवण होई.

दुसरा आधार फोनचा. ‘मला आत्ता प्यावीशी वाटते आहे’ हे एकच वाक्य बोलायचे असते, आणि ते ऐकणारा शक्यतो स्वतः दारू सोडलेला असावा. बायकोला किंवा आईला ते सांगितले तर त्या बिचाऱ्या घाबरून जातात आणि मग आपण त्यांनाच सावरत बसतो. असे कोणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. जुन्या मित्राने ‘बसूया का?’ विचारले, तर ‘नाही, मी सोडली आहे’ एवढेच म्हणून तिथून निघावे. कारणे सांगत बसलो की तो एकेक कारण खोडत जातो.

औषधांचा संकोच बाळगू नये. नालट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही औषधे काहींची ओढ कमी करतात. ती घ्यायची की नाही, हे यकृत व मूत्रपिंड तपासून डॉक्टर ठरवतात. डायसल्फिराम या गोळीचे काम वेगळे आहे: ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास त्याला तीव्र त्रास होतो. म्हणूनच घरच्यांनी ती गोळी जेवणात लपवून देणे हा उपाय नसून जिवाशी खेळ आहे, आणि मला याची फार काळजी वाटते, कारण प्रेमापोटीच अनेक घरांत हे घडते. आयुर्वेदिक आसवे व अरिष्टे आणि काही खोकल्याची औषधे यांतही अल्कोहोल असतो, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचून घ्यावेत.

एवढे करूनही घोट गेलाच, तर उरलेली बाटली मोरीत ओतावी आणि त्याच रात्री कोणाला तरी खरे सांगावे. डायसल्फिराम चालू असेल तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जावे. पिणे पुन्हा काही दिवस सुरू राहिले असेल, तर ते एकदम थांबवण्याचा धोकाही परतलेला असतो, आणि अशा वेळी आधी डॉक्टर गाठावा.