गडग्यापलीकडचा वणवा: वनरक्षकासोबत आत्ताच उरकायची कामं

कोकणात काजू मोहोरतो त्याच सुमारास सड्यावरचं, म्हणजे कातळी पठारावरचं, गवत वाळून कडकडीत होतं. वन विभाग वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतो, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळावर त्याच्या आधीच आगी लागू लागतात. म्हणून बागायतदारांनी तयारी डिसेंबर-जानेवारीतच करावी, आणि एकट्याने करू नये. आपल्या बीटाचा, म्हणजे त्याच्या देखरेखीखालच्या वनक्षेत्राचा, वनरक्षक कोण हे ठाऊक नसेल, तर आजच त्याचा नंबर मिळवा.

एका वनरक्षकाकडे अख्खं बीट असतं. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर येतो खरा, पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच वरून जातो. तोवर आग माथ्याला पोचलेली असते. बागेतून धूर दिसताच तुम्ही केलेला फोन त्याच्या कितीतरी आधी पोचतो. वनरक्षकाला रेंज नसेल तर वन विभागाचा 1926 हा टोल-फ्री नंबर लावा. वाडीचं नाव, वाऱ्याची दिशा आणि गाडी कुठपर्यंत येते, एवढं नक्की सांगा.

वनरक्षक जंगलाच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत साफ केलेला पट्टा, काढतो, तेव्हा आपल्या हद्दीचा पट्टा तिला जोडून घ्या. मध्ये दहा पावलांचं गवत राहिलं तरी आग तिथूनच आत येते. कडेने 10 ते 12 फूट, आणि उताराच्या खालच्या अंगाला त्याच्या दुप्पट रुंदी ठेवा; चढावर आगीची धग वरचं गवत आधीच तापवते, त्यामुळे ती वेगाने धावते. नुसतं गवत कापून भागत नाही, पातेरा (गळलेला वाळका पाला) ओढून तांबडी माती दिसली पाहिजे. गडग्याच्या, म्हणजे हद्दीवरच्या चिऱ्यांच्या बांधाच्या, फटींतलं गवतही उपटा. चिरे जळत नाहीत, पण त्या गवताला धरून आग पलीकडे उतरते. झाडाखाली पातेऱ्याचं आच्छादन असावं या मताचा मीही आहे, मात्र हद्दीलगतच्या दोन ओळींतला पातेरा उचलून खड्ड्यात कुजवा. ठिबकच्या नळ्या आधी त्याच ओळींत वितळतात. पट्टा जाळून साफ करायचा असेल, तर वनरक्षक हजर असतानाच.

भाजावळीचंही तसंच. राब (भाताच्या रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा) भाजण्याच्या आदल्या दिवशी वनरक्षकाला आणि शेजाऱ्याला कळवा. पहाटे दंव असताना, वारा पडलेला असताना पेटवा आणि दुपारचा खारा वारा सुटायच्या कितीतरी आधी विझवा. राखेवर पाणी मारून वर उलटा हात धरा. धग लागली तर आत निखारा आहे. राखीव जंगलाला धोका होईल अशी आग पेटती सोडणं हाही भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे.

सडा जाळला की पावसात गवत जोमाने येतं, म्हणून मुद्दाम आग लावणारे अजून आहेत. कातळावर मातीचा थर मुळात बोटभर. राख पहिल्या सरीत वाहून जाते आणि उघडी पडलेली माती तिच्या मागोमाग. त्यापेक्षा ते गवत कापून गुरांसाठी रचून ठेवा.

आग लागलीच, तर वनरक्षक येईपर्यंत तिच्या तोंडासमोर उभं राहू नका. वारा पाठीवर घेऊन, बाजूंनी, ओल्या टहाळांनी झोडपत पुढे सरका. अंगात सुती कपडे हवेत, नायलॉन अंगाला चिकटतं. मागे सरायची वेळ आली तर जळून गेलेल्या जागेकडे सरा. समोरून उलटी आग लावणं हे जाणत्या माणसाचंच काम, ते वनरक्षकावर सोडा. ज्वाळा विझल्यावर लगेच घरी जाऊ नका. बुंधे, वारुळं, वाळलेलं शेण यांत आग तासन्‌तास धुमसते आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने पुन्हा उठते.

होरपळलेल्या कलमावर लगेच कोयता चालवू नका. फोटो काढून ठेवा, तलाठी आणि कृषी सहायकाकडून पंचनामा करून घ्या. नवी पालवी कुठून फुटते ते पाहून मगच मेलेल्या फांद्या छाटा आणि कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी.