हेडफोन घेण्याआधी दुकानातच 'गळती' तपासा

गाणं रेकॉर्ड करताना हेडफोनमधला क्लिक (लय धरायला लावलेल्या मेट्रोनोमची टकटक) निसटून माइकमध्ये शिरतो आणि आलापाच्या शांत जागी टकटक ऐकू येते. सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या खोलीत एका भारुडाचा अख्खा टेक त्यापायी वाया गेला. तेव्हापासून मी दुकानातच हे करतो:

१. हेडफोन लॅपटॉपला जोडून मेट्रोनोम लावा. आवाज गाताना ठेवता तेवढाच. चष्मा असेल तर काढू नका, काडीच्या फटीतूनच जास्त गळतं.
२. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा.
३. ऐका. टकटक आली तर तो हेडफोन गायकासाठी नको.

ज्यांच्या वाट्या मागून बंद असतात तेच हेडफोन इथे टिकतात. मागून उघडे हेडफोन मिक्सिंगला मोकळे वाटतात, पण शेजारी यंत्रमाग चालू असेल तर खटखटच जास्त ऐकू येईल. उन्हाळ्यात मखमली गाद्या कानाला बऱ्या, घाम कमी येतो. मात्र चामडी गाद्यांपेक्षा त्या थोड्या जास्त गळतात.

एक सांभाळा: २५० ओहमचा (म्हणजे जास्त विद्युत-अवरोधाचा) हेडफोन लॅपटॉपवर मुळातच हळू वाजतो, त्यामुळे चाचणी फसवी ठरते. तो आपल्या ऑडिओ इंटरफेसवरच (माइक-हेडफोन लॅपटॉपला जोडायच्या पेटीवर) तपासा.