जोत्याची भर: दाबणीचं मशीन मागवण्याआधीची तयारी

घरात राहायला गेल्यावर वर्ष-दोन वर्षांत स्कर्टिंगखाली बोटभर फट दिसू लागते, फरशी पोकळ वाजते, न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी टाइल तिरकी होते. जोत्याच्या आत टाकलेली मुरमाची भर नीट न दाबता वर सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (साधं, बिनसळईचं काँक्रीट) केलं की असं होतं, आणि तेव्हा ते दुरुस्त करायचं तर फरशी फोडावी लागते. दाबणीचं मशीन जोत्याच्या कामात जेमतेम चार-पाच दिवस लागतं. पण त्याची तयारी मुरूम, पाणी, मजूर आणि खुणा यांपासून सुरू होते आणि मशीन शेवटी येतं. बहुतेक जण आधी मशीन मागवतात, मग मुरमाची वाट बघत भाडं भरत बसतात.

सुरुवात हिशेबाने करा. समजा भिंती वगळून आतलं क्षेत्र ९०० चौरस फूट आहे आणि जोतं जमिनीपासून ३ फूट. वरून फरशी व मसाला ३ इंच, पीसीसी ४ इंच, डबराचं सोलिंग ९ इंच, असे १६ इंच वजा केले की २० इंच उरतात. भर टाकण्याआधी गवत-मुळ्यांचा वरचा ४ इंचांचा थर काढून टाकायचाच असतो, म्हणजे दाबलेली भर २ फूट झाली. ९०० गुणिले २ म्हणजे १८०० घनफूट, अर्थात १८ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). पण ८ इंच सैल पसरलेला मुरूम नीट दाबल्यावर साधारण ६ इंच होतो, म्हणून मागवायचा २४ ब्रास. एका थराला ६ ब्रास, असे चार थर. ‘अठराच सांगितले होते’ म्हणून तिथेच थांबणाऱ्या घरात एक तर वरचा थर खोदकामाच्या मातीने भरला जातो, नाहीतर भर दाबलीच जात नाही. अठरा ब्रासमध्ये मोजमापाचा मेळ न दाबताच बसतो.

खोदकामातून निघालेली काळी माती जोत्यात परत टाकू नका. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरची फरशी दरवर्षी थोडी थोडी हलते. कितीही चांगलं मशीन तिचा हा स्वभाव बदलत नाही. ती शेतात किंवा बागेत जाऊ द्या. मुरूम घेताना ट्रॉलीतून मूठभर काढून चोळून बघा: कण हाताला टोचले पाहिजेत, बोटांना नुसता चिखल लागता कामा नये. ३ इंचांहून मोठे दगड बाजूला काढायला लावा. त्यांच्या भोवती पोकळी राहते आणि दाबणी वरच्यावर होते. मुरूम गौण खनिज असल्याने पुरवठादाराकडून वाहतुकीचा पास मागून ठेवा.

आता मशीन कोणतं ते मातीवरून ठरवा. बाजारात काय मोकळं आहे त्यावरून ठरवू नका. रॅमर, ज्याला साइटवर जंपिंग जॅक म्हणतात, त्याचं वजन साधारण ६० ते ७५ किलो असतं, बूट म्हणजे खालचा आपटणारा तळवा २८ सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि मिनिटाला सहाशे-सातशे ठोके. तो ठोकून दाबतो, म्हणून ज्या मुरमात माती आहे, जो हातात चिकटतो, त्यात तोच उपयोगी. कॉलमच्या खड्ड्यांची परतभर, भिंतीलगतची पट्टी, पाइपची चर अशा अरुंद जागेतही तोच. प्लेट कॉम्पॅक्टर थरथरवून कण एकमेकांत बसवतो. कच (दगडाची बारीक चुरी), क्रश सँड, कणीदार स्वच्छ मुरूम यांत तो झपाट्याने काम करतो, पण चिकट मातीवर नुसता घसरत राहतो आणि वरचं तेवढं चकचकीत करतो. फक्त पुढेच चालणाऱ्या ९०-१०० किलोच्या प्लेटला ५-६ इंचांपेक्षा जास्त सैल थर देऊ नये. म्हणजे प्लेटच वापरायची ठरली तर वर सांगितलेल्या चार थरांऐवजी सहा-सात धरा. मागे-पुढे चालणारी दीड-दोनशे किलोंच्या पुढची प्लेट जाड थर पेलते, पण प्लिंथ बीमवरून (जोत्याच्या काँक्रीटच्या तुळईवरून) ती आत उतरवायला चार माणसं आणि फळ्यांचा उतार लागतो, तेव्हा तेही बघा. बेबी रोलर अंगणाला आणि रस्त्याला चांगला, खोल्यांच्या गाळ्यात, म्हणजे जोत्याच्या भिंतींमधल्या चौकोनात, तो वळत नाही. एकच मशीन परवडत असेल आणि भर मुरमाची असेल, तर रॅमर घ्या.

जेसीबी किंवा ट्रॅक्टर आत फिरवून ‘दाबणी झाली’ असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. चाकाखालचे दोन पट्टे तेवढे दबतात, मधलं आणि कडेचं सैल राहतं, आणि बीमला धक्का बसण्याची भीती वेगळीच.

भाडं की खरेदी, हा प्रश्न दिवस मोजून सुटतो. घराच्या कामात मशीन तीन वेळा लागतं: फुटिंगनंतर (कॉलमखालच्या पायानंतर) खड्डे भरताना, जोत्याची भर टाकताना आणि शेवटी पार्किंग, ओटा व पेव्हर ब्लॉकच्या वेळी. मध्ये कित्येक महिने जातात. मशीनच्या किमतीतून पुन्हा विकून येणारी रक्कम वजा करा, सर्व्हिसिंग मिळवा आणि त्याला रोजच्या भाड्याने भागा. येणारे दिवस तुमच्या एकूण दिवसांपेक्षा कितीतरी जास्त निघतील. त्यामुळे एका घरासाठी भाडंच बरं. भावकीत किंवा गल्लीत एकाच हंगामात तीन-चार घरं उभी राहत असतील तर मिळून घेण्यात अर्थ आहे, पण मग सांभाळणारा माणूस एकच ठेवा.

भाड्याचं बोलणं करताना हे प्रश्न विचारा. दिवस म्हणजे किती तास? मशीन साइटवर उभं असेल पण चालत नसेल तेव्हा काय दर? चालवणारा सोबत येणार का? पेट्रोल कोणाचं? रॅमरला तासाला साधारण १ लिटर लागतं. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं? ने-आण कोणाची? मध्येच बंद पडलं तर बदली मशीन किती वेळात? बेलो (रॅमरच्या पायावरचा घड्यांचा रबरी भाता) फाटला तर खर्च कोणाचा? यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत महागात पडणारा आहे. हिशेब बघा: ९०० चौरस फूट म्हणजे ८४ चौरस मीटर. रॅमरच्या फेऱ्या थोड्या एकमेकांवर घेत मिनिटाला १० मीटर चाललं तर एका थराला चार फेऱ्या द्यायला निव्वळ सव्वादोन-अडीच तास लागतात. कोपरे, वळणं आणि विसावा धरून चार-पाच तास. पण ६ ब्रास मुरूम घमेल्याने पसरायला, भिजवायला दिवस जातो. म्हणजे मशीन अर्धा दिवस उभंच. म्हणून घर गाळ्यांमध्ये वाटून घ्या: एका गाळ्यात पसरणी, दुसऱ्यात पाणी मुरतंय, तिसऱ्यात रॅमर. १० बाय १२ च्या खोलीला ८ इंचांच्या थरासाठी ८० घनफूट, म्हणजे १ ब्रासच्या ट्रॉलीपेक्षा थोडं कमी लागतं. हे मुकादमाला आधीच सांगून ठेवलं की ट्रॉल्या नको तिथे रिकाम्या होत नाहीत. निम्मा तरी मुरूम आवारात पडल्याशिवाय मशीनला फोन करू नका.

मशीन येण्याच्या आदल्या दिवशी जोत्याच्या आतल्या बाजूने चुन्याने किंवा गेरूने दर ६ इंचांवर आडव्या रेघा मारा, प्रत्येक गाळ्याच्या चारही भिंतींवर. सैल थराची उंची मोजायला ८ इंचांवर खूण केलेली काठी मजुराच्या हातात द्या. ज्या साइटवर रेघा नसतात तिथे ‘एक थर’ हळूहळू फुटाचा, दीड फुटाचा होतो आणि खालचा निम्मा भाग रॅमरला कळतही नाही. वरून टणक लागतो, आत पोकळ राहतो. जोत्याची वीट किंवा चिरा नुकताच रचलेला असेल तर किमान आठवडाभर पाणी मारून थांबा. कोकण-गोव्यात चिऱ्याच्या जोत्याला बाहेरून मातीचा टेका नसताना आतून रॅमर भिंतीला चिकटून चालवला तर भिंत पोट काढते. अशा ठिकाणी आत-बाहेर बरोबरीने भरत जा आणि भिंतीलगतची वीतभर पट्टी हातातल्या धुमसाने दाबा. ड्रेनेजचे पाइप टाकले असतील तर त्यांच्यावर फूटभर भर हाताने दाबून मगच मशीन आणा. न्हाणीघराचा गाळा सगळ्यांत आधी खचतो, कारण पाइप जोडल्यावर तिथे उरलीसुरली माती ढकलून दिलेली असते. त्या गाळ्याजवळ स्वतः उभे राहा.

पाण्याची तयारी मशीनपेक्षा महत्त्वाची आहे. कोरडा मुरूम कितीही ठोकला तरी कण सरकत नाहीत, आणि जास्त भिजला की रॅमरखाली तो लाटेसारखा हलतो. मुठीत घट्ट दाबून गोळा करा. गोळा टिकला, हात फक्त ओलसर झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-चार तुकडे झाले तर ओल बरोबर. पीठ झालं तर कोरडा, चपटा झाला तर ओला. उन्हाळ्यातल्या अगदी सुक्या मुरमाला १ ब्रासमागे २०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे २४ ब्रासला ५,००० लिटरचा एक टँकर. तो एकदम ओतायचा नाही. संध्याकाळी शिंपडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी फावड्याने एकदा खालीवर करा आणि मग दाबा. जोत्यात पाणी सोडून भर ‘आपोआप बसवण्याची’ पद्धत निव्वळ वाळूच्या भरीला चालते, कारण वाळूतून पाणी निघून जातं. माती असलेल्या मुरमात ते अडकून राहतं. वर साय धरते, खाली लगदा होतो, आणि तो सुकताना फरशीखाली फट सोडतो.

मशीन टेम्पोतून उतरलं की पैसे देण्याआधी तपासा. रॅमर उभा बांधून आणला का? आडवा आणला असेल तर ऑइल एअर फिल्टरमध्ये गेलेलं असू शकतं. काळा रबरी बेलो बोटांनी ताणून घड्यांच्या खाचेत चिरा बघा, तिथूनच आत धूळ जाते आणि मशीन बसतं. बूट घट्ट आहे ना, बोल्ट ढिले नाहीत ना, खालच्या काचेत ऑइल दिसतंय ना, एअर फिल्टर उघडल्यावर धुळीने गच्च नाही ना? थंड इंजिन दोन-तीनदा दोरी ओढल्यावर सुरू व्हायला हवं. मग दहा मिनिटं मातीवर चालवा, काँक्रीटवर नाही. ठोके एकसारखे पडायला हवेत. प्लेटमध्ये बेल्टचा ताण आणि हँडलखालचे रबर बघा. ते फाटले असतील तर चालवणाऱ्याचे हात तासाभरात बधिर होतात. जुनं मशीन विकत घेतानाही हेच, वर बेलो, बूट आणि क्लच तालुक्याच्या गावी मिळतात का ते विचारा. नेमप्लेट खरवडलेलं मशीन घेऊ नका.

रॅमर चालवताना थ्रॉटल पूर्ण उघडा. अर्ध्यावर ठेवला तर क्लच घासून जळतो आणि ठोकाही बसत नाही. फेऱ्या कडेकडून मध्याकडे, पुढची फेरी आधीच्यावर दोन इंच चढवून, एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत. माणूस वीस-पंचवीस मिनिटांनी बदला, पायात टोकाला कडक असलेले बूट द्या, कानात बोळे. खोल खड्ड्यात पेट्रोलचा धूर साठतो, तिथे एकट्याला उतरवू नका.

थर झाला की तपासायचं कसं? रेघेपाशी उंची मोजा, अजून दोन फेऱ्या द्या, पुन्हा मोजा. खाली गेली नाही तर थर बसला. मग १२ मिमीची सळई गाळ्यात आठ-दहा ठिकाणी एकाच माणसाने एकसारख्या जोराने दाबून बघा. जिथे ती सहज जाते तिथे उकरून परत करा. दोन मजल्यांचं घर असेल किंवा भर ३ फुटांच्या वर असेल तर प्रयोगशाळेकडून घनता तपासून घ्या. आयएस २७२० या माती-चाचणीच्या भारतीय मानकाच्या २८ व्या भागातली वाळूची पद्धत खडेदार मुरमाला लागू पडते. २९ व्या भागातला कोअर कटर मऊ मातीसाठी आहे, मुरमात तो खड्यांवर अडतो. प्रयोगशाळेत काढलेल्या कमाल कोरड्या घनतेच्या ९५ टक्के मिळायला हवी, आणि त्यासाठी मुरमाचा नमुना आठवडाभर आधी द्यावा लागतो.

शेवटचा थर झाला की लगेच सोलिंग टाकू नका. वाळवी प्रतिबंधक औषध याच पृष्ठभागावर, चौरस मीटरला ५ लिटर या प्रमाणात मारायचं असतं, म्हणून औषधवाल्याला चौथ्या थराच्या दिवशीच बोलावून ठेवा. मशीन मात्र डबर येईपर्यंत परत पाठवू नका. त्याचे ट्रक आत रिकामे होताना कडेचा थर उकरला जातो आणि तो पुन्हा दाबायला रॅमर लागतोच.