बाहेरच्या माणसाला आपल्या मोकळ्या वेळा कशा दाखवाव्यात

एकाच संस्थेतल्या दोघांना मीटिंग ठरवताना एकमेकांच्या मोकळ्या वेळा आपोआप दिसतात, कारण दोघांची खाती एकाच यंत्रणेत असतात. समोरचा माणूस दुसऱ्या संस्थेतला असला, की आउटलुकच्या शेड्युलिंग असिस्टंटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या वेळा एकत्र दाखवणाऱ्या पानावर, त्याच्या नावासमोर नुसत्या तिरप्या रेघा दिसतात. त्यांचा अर्थ तो मोकळा आहे असा नसून माहितीच मिळालेली नाही असा असतो. ही माहिती मुद्दाम पोचवावी लागते. तिचा मार्ग कोणता, हे त्या माणसाला तुमची वेळ एकदाच हवी आहे की वारंवार, यावर ठरवा.

पण त्याआधी स्वतःचं कॅलेंडर तपासा. बाहेरच्याला फक्त ‘बिझी’ आणि ‘फ्री’ एवढंच दिसणार असेल, तर नोंदीवरचा तो शिक्का बरोबर हवा. सगळ्यात जास्त घोळ दिवसभराच्या नोंदींत होतो. आउटलुकमध्ये दिवसभराची नोंद केली की ती मूळात ‘फ्री’ धरली जाते. म्हणजे तुम्ही ‘रजा’ असं लिहून ठेवलेला दिवस बाहेरच्याला अख्खा मोकळा दिसतो आणि तो नेमकी त्याच दिवशी वेळ मागतो. रजेची नोंद उघडून ‘शो अ‍ॅज’मध्ये ‘आउट ऑफ ऑफिस’ निवडा. याच्या उलट, नुसती आठवण म्हणून टाकलेली दहा वाजताची नोंद ‘बिझी’ असेल, तर चांगली वेळ विनाकारण अडून बसते. खाजगी कामं वेगळ्या कॅलेंडरमध्ये ठेवत असाल, तर एकाचीच लिंक दिल्यावर दुसऱ्यातली कामं तिथे दिसणार नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

एकदाच भेटायचं असेल तर लिंकच्या भानगडीत पडू नका. जीमेलच्या वेबवरच्या आवृत्तीत मेल लिहिताना खालच्या तीन टिंबांत ‘सेट अप अ टाइम टू मीट’ असतं. त्यातून ‘ऑफर टाइम्स यू आर फ्री’ घेऊन कॅलेंडरवर वेळा निवडल्या, की त्या मेलमध्ये येतात. मोबाइलवरच्या आउटलुकमध्ये मेल लिहिताना कॅलेंडरच्या खुणेतून ‘सेंड अव्हेलेबिलिटी’ मिळतं. हातानेच लिहिणार असाल तर तीन-चार वेळा पुरतात. सोबत वार, तारीख आणि वेळेचा पट्टा लिहा: ‘मंगळवार, १४ तारीख, दुपारी ३ ते ४, यूटीसी अधिक ५:३०’ (म्हणजे भारतीय वेळ). काही देशांत घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे होतात, म्हणून ‘तुमच्या सकाळी’ असं मोघम लिहिणं धोक्याचं.

वारंवार काम पडणाऱ्या माणसाला लिंक द्यावी. आउटलुकच्या वेब आवृत्तीत सेटिंग्जमध्ये कॅलेंडर, मग ‘शेअर्ड कॅलेंडर्स’, आणि तिथे ‘पब्लिश अ कॅलेंडर’. कॅलेंडर निवडलं की परवानगी विचारली जाते. ‘कॅन व्ह्यू व्हेन आय अ‍ॅम बिझी’ हीच निवडा. त्याच्या वरच्या पातळीवर मीटिंगचं शीर्षक आणि जागा दिसते. ‘मुलाखत’ किंवा एखाद्या ग्राहकाचं नाव असलेलं शीर्षक बाहेर जाणं म्हणजे दुसऱ्याची गोष्ट उघड करणं, आणि मीटिंग ठरवायला त्याची काडीचीही गरज नसते. ‘पब्लिश’ केल्यावर दोन लिंक मिळतात. एचटीएमएलची लिंक ब्राउझरमध्ये नुसती बघायला, आणि आयसीएसची समोरच्याने आपल्या कॅलेंडरमध्ये जोडायला.

गूगल कॅलेंडरमध्ये हे काम संगणकावरच्या ब्राउझरमधून करा. त्या कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेस परमिशन्स’खाली ते सार्वजनिक करा आणि शेजारी ‘सी ओन्ली फ्री/बिझी’ निवडा. समोरच्याकडे गूगल खातं असेल तर सार्वजनिक करू नका. ‘शेअर विथ स्पेसिफिक पीपल’मध्ये त्याचा पत्ता टाकून हीच पातळी द्या. तिथेच खाली ‘सिक्रेट अ‍ॅड्रेस’ नावाची आयकॅल (म्हणजे आयसीएसच) लिंक दिसते. ती कुणालाही पाठवू नका. तुम्ही वर काहीही निवडलेलं असलं, तरी त्या लिंकवरून नोंदींचा सगळा तपशील दिसतो.

हे पर्याय दिसतच नसतील, तर खात्यात बिघाड नाही. संस्थेच्या अ‍ॅडमिनने बाहेर शेअर करणं बंद किंवा मर्यादित ठेवलेलं असतं. त्याला मोघम ‘शेअरिंग चालू करा’ म्हणू नका. फक्त बिझी-फ्री वेळा बाहेर दाखवण्याची परवानगी मागा, ती मिळण्याची शक्यता जास्त. मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये ही सोय अ‍ॅडमिन सेंटरच्या ‘ऑर्ग सेटिंग्ज’मध्ये, कॅलेंडरखाली असते. दोन संस्थांचं रोजचंच काम असेल, तर दोन्हीकडच्या अ‍ॅडमिननी एक्स्चेंजमध्ये, म्हणजे आउटलुकमागच्या मेल-कॅलेंडरच्या यंत्रणेत, ‘ऑर्गनायझेशन रिलेशनशिप’ बनवावी. मग त्या तिरप्या रेघांच्या जागी खऱ्या वेळा येतात. एकाच बाजूने केली तर एकाच दिशेने दिसतं, हे अनेकदा विसरलं जातं.

अनोळखी किंवा पुष्कळ लोक वेळ घेणार असतील, तर बुकिंग पान बरं: गूगलचं ‘अपॉइंटमेंट शेड्यूल’, मायक्रोसॉफ्टचं ‘बुकिंग्ज’ किंवा कॅलेंडली. समोरच्याला तुमचा दिवस दिसत नाही, निवडता येणारे खणच दिसतात. दोन भेटींमध्ये १५ मिनिटांची फट आणि किमान एक दिवस आधी बुकिंग, एवढं तरी लावाच. नाहीतर कुणी दहा मिनिटांनंतरची वेळ घेऊन मोकळा होतो. एकापेक्षा जास्त कॅलेंडर असतील, तर पान कोणकोणती तपासतं तेही बघून घ्या.

‘तुझं कॅलेंडर जुनंच दाखवतंय’ ही तक्रार आयसीएस लिंकबाबत हमखास येते. त्याचं कारण बहुधा दोनांपैकी एक. समोरच्याने लिंक जोडण्याऐवजी फाइल उतरवून आयात केली असेल, तर ती त्या क्षणाची प्रत आहे, कधीच बदलणार नाही. ती काढून टाकून ‘फ्रॉम यूआरएल’ने लिंक जोडायला सांगा. लिंक नीट जोडली असेल, तर ताजी माहिती किती वेळाने आणायची हे त्याचं अ‍ॅप ठरवतं. गूगलला १२ तासही लागू शकतात. तुमच्याकडून हे घाईत करता येत नाही. त्यामुळे त्याच दिवसाची वेळ लिंक बघून ठरवू नका, एक निरोप टाकून खात्री करा.

लिंक पाठवण्याआधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत (तिथे तुमचं लॉगिन नसतं) उघडून पाहा, म्हणजे बाहेरच्याला नेमकं काय दिसतं ते कळेल. या लिंकला पासवर्ड नसतो. जिच्यापर्यंत ती पोचली ती व्यक्ती ती उघडू शकते. काम संपलं की आउटलुकमध्ये ‘अनपब्लिश’ करा, गूगलमध्ये सार्वजनिक परवानगी काढा. सिक्रेट अ‍ॅड्रेस चुकून गेला असेल तर त्याच्या शेजारचं ‘रीसेट’ दाबा, जुना पत्ता बंद पडतो. समोरच्याच्या अ‍ॅपमध्ये आधीच उतरलेल्या नोंदी मात्र काही काळ तशाच राहू शकतात.